झाकणावरचे पाणी

माघातली सांज पठाराच्या काळ्या कड्यावरून खाली उतरते ती एखाद्या करारी मालकिणीसारखी. पदर खोचून, ओठ मिटून, वाटेतल्या एकेका वस्तूवर हक्काची नजर टाकत. आधी सिल्व्हर ओकांच्या शेंड्यांवरचे सोने ती काढून घेते, मग स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरची लाली, मग खोल दरीतल्या जलाशयावरची शेवटची, थरथरती, चंदेरी रेघ. मागे कुणाजवळ काही म्हणून ठेवीत नाही.

ठेवते तो गारठा. धारदार, निळसर, बोटांच्या पेरांत शिरणारा गारठा. आणि त्या गारठ्यात परसातल्या चुलीचा एक केशरी डोळा.

त्या डोळ्याच्या अलीकडे पाटावर मालन बसली होती. पलीकडे केतकी उभी होती. आणि दोघींच्या मधोमध, दिवाळीपासून या घरात जिला सर्वांत जास्त काम पडले होते ती मनी: राखी अंगाची, अर्धोन्मीलित डोळ्यांची, कुणाचीच बाजू न घेणारी मांजर.

काम असे की थोरली जाऊ धाकटीशी बोलत नसे आणि धाकटी थोरलीशी. दोघी बोलत त्या मनीशी.

“मने, कुणाला तरी सांग,” मालन चुलीकडे बघत म्हणाली, “जाळ लई झालाय.”

“मने,” केतकी लसूण ठेचता ठेचता म्हणाली, “जाळ किती हवा ते रांधणारीला कळतं.”

मनीने दोन्ही निरोप घेतले, पंजा चाटला आणि एकही पोचवला नाही.

वैराचे बीज मोहरीएवढे होते; खरोखरच मोहरीएवढे. दिवाळीच्या पाडव्याला केतकीच्या माहेरची माणसे कराडहून आली होती. आमटी केतकीने केली होती. पाने मांडली गेली, रांगोळ्या रेखल्या गेल्या, उदबत्तीचा धूर पानांवरून सावकाश फिरला. आणि वाढायच्या ऐन घडीला मालनने ते पातेले सगळ्यांदेखत पुन्हा चुलीवर चढवले आणि केतकीच्या आमटीला वरून दुसरी फोडणी दिली.

लोखंडी पळीत मोहरी तडतडली. पाहुण्यांनी वाहवा केली. आणि त्या तडतडीतला एकेक दाणा उडून केतकीच्या काळजात जाऊन रुतला.

केतकीने आपल्या हातातली वाढायची पळी खाली ठेवली. त्या दिवशी ती पुन्हा उचलली नाही. नावातच जिच्या काटा, तिने काटा मोडू दिला नाही. नुसता धारेवर धरला. आणि मालननेही, चूक उमगत असताना, चूक उमगलेल्या माणसाला जो राग येतो तो सगळा गोळा करून एक वाक्य फेकले: एवढं लागतंय मनाला तर मांड की वर आपली चूल.

रागात फेकलेले वाक्य हवेत विरते असा तिचा समज होता. पण हे वाक्य केतकीने वरच्यावर झेलले, घडी घातली आणि जपून ठेवले. तिच्या नवऱ्याने, रणजितने, माडीवर ओटा बांधला. ओट्याला मोरपंखी फरशी बसली. खिडकीला जाळी लागली. मालन रोज अंगण झाडताना वर बघे, आणि रोज तिला ती जाळी आपल्याकडे दात विचकून हसते आहे असे वाटे.

आता उरले होते ते आजचे जेवण. या घराची रीत अशी: वेगळी होणारीने शेवटचा एकत्र स्वयंपाक करायचा, आणि ज्या आगीवर तो शिजला त्याच आगीतला निखारा थोरलीने आपल्या हाताने धाकटीच्या खापरात घालायचा. माडीवर गॅसची शेगडी असली तरी खापर आधी ओट्यावर टेकले पाहिजे. निखारा वाटेत विझला किंवा चुलीतच विझला, तर त्या वर्षी वेगळी चूल मांडायची नाही. पुढच्या माघापर्यंत थांबायचे.

कोनाड्यात खापर घासूनपुसून तयार होते. मातीचे, तांबूस, रित्या ओंजळीसारखे.

आणि मालनला निखारा द्यायचा नव्हता.

हे कुणाला ठाऊक नव्हते. ती मनीलाही बोलली नव्हती. लेक सांगलीला नांदत होती, तिच्या पाठोपाठ मुलगाही पुण्याच्या नोकरीला गेला होता. उरले असते ती आणि तिचा नवरा, यशवंतराव, आणि यशवंतराव जेवताना बोलत नसत. नवी नवरी होती तेव्हा तिने सासूबाईंना त्यांच्या जावेच्या खापरात निखारा घालताना पाहिले होते. हात जराही थरथरला नव्हता. पण त्यानंतर कितीतरी दिवस सासूबाई परातीत तेवढेच पीठ घेत, जेवढे आधी घेत असत. आणि उरलेल्या भाकऱ्या तिन्हीसांजेला गाईपुढे ठेवताना त्यांचे तोंड जसे होई, ते तोंड मालनला आता आरशात दिसू लागले होते.

पण शब्द तिचाच. तो गिळायचा तर तोंड उघडावे लागणार, आणि तोंड उघडले की त्यातून दुसरेच काही बाहेर पडे.

“मने, वास बघ कसा येतोय,” ती म्हणाली. “औषधाच्या दुकानासारखा.”

वास ऑलिव्हच्या तेलाचा होता. हिरवट, पातळ, परदेशी. बाटलीतून कढईत उतरताना त्याने चुलीच्या उजेडात पाचूची एक लड उलगडली. केतकीने त्यात ठेचलेला लसूण सोडला. पांढऱ्या पाकळ्या सोनेरी झाल्या. मग कोंबडीचे तुकडे: मिठाने, लिंबाने, मिरपुडीने चोळलेले, गुलाबी. ते कढईत पडताच अशी काही फुत्कारणारी सर उठली की मनी पाटाखाली गेली.

ना हळद, ना वाटण, ना खोबऱ्याचा तुकडा, ना तिखटाची चिमूट. मालनच्या उजव्या हाताशी कांदालसूण मसाल्याची बरणी होती. उन्हाळाभर खपून तिने कांडपातून आणलेला, रक्तवर्णी, उग्रगंधी, गावात नावाजलेला मसाला. केतकीने तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. मालनला वाटले, देवळात येऊन कुणी देवाकडे पाठ करून उभे राहावे तसे हे.

आणि मग टोमॅटो. बोरांएवढे, लाखेसारखे चकचकीत, गुच्छांनी लगडणारे. हे टोमॅटो, ती लांबट हिरवी झुकिनी, ती हॉटेलची तुळस, बेसिल: सगळे याच घराच्या पॉलिहाउसात पिकत होते. पहाटे खोक्यांत भरले जात, घाट उतरत, पुण्या-मुंबईच्या कुठल्याशा झुंबरांखाली कुणाच्याशा पानात पडत. या घराने त्यांचे पाणी पाहिले, खत पाहिले, रोग पाहिला. चव पाहिली नाही. केतकी सून होऊन आली, शेतकीची पदविका घेऊन आली, तिनेच ते दुधाळ कापडाचे मंदिर उभे केले. यशवंतराव त्या पिकाला इंग्रजी माळवे म्हणत, आणि जेवायला घेवडा मागत.

टोमॅटो कढईत फुटू लागले. एकेक फुटे, एकेक उसासे. तेलाची हिरवाई आणि रसाची लाली एकमेकींत मिसळल्या. मिसळल्या, पण कुरकुरत. वरून केतकीने मिठातली काळी ऑलिव्ह टाकली.

“जांभळं खारवलीत म्हणावं का, मने?”

“चव घेतल्याशिवाय नावं ठेवणाऱ्यांना काय सांगणार, मने.”

मालनने पाय दुमडले. तिच्या मागे भाकऱ्यांची टोपली झाकलेली होती, आणि टोपलीमागे, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, बेसनाचा डबा, चिरलेला कांदा आणि मिरच्या. जेवण फसले की पिठले टाकायला. विजयाची एवढी चोख तयारी करून बाई बसली होती; फक्त विजय मिळाला तर आपलीच चूल रिकामी होणार होती, ही अडचण तिने टोपलीखालीच झाकून ठेवली होती.

केतकीने एक भाकरीएवढा गोल पाव कापून ठेवला. हात धुतले. बेसिलची पाने शेवटी पडायची, तोडल्या तोडल्या पडायची, नाही तर त्यांचा जीव जातो. म्हणून तिने रोवळी उचलली आणि पॉलिहाउसाकडे निघाली. उंबऱ्यावर थांबली. वळली नाही.

“मने, कढईला कुणी हात लावायचा नाही. मीठ नाही, मसाला नाही, फोडणी नाही. एवढं बघ.”

तिचा विजेरीचा उजेड वाफ्यांतून डुलत गेला आणि विझल्यासारखा दिसेनासा झाला.

परसात आता मालन, मनी आणि कढई. आणि वारा.

वारा दरीतून आला. निळा, लांब, थंडगार जिभेचा. त्याने आधी अंगणातली पाने चाटली, मग चुलीत तोंड घातले, आणि केशरी डोळा एकदम विस्फारला. जाळ कढईच्या कडांवर चढला. त्याच वेळी खालून पॉलिहाउसाकडून फडफड ऐकू आली: कापडाची पट्टी सुटली होती. एवढे मोठे कापड एकटीने आवळून बांधायचे म्हणजे केतकी इतक्यात येत नव्हती.

कढईतला आवाज बदलला. आधी रस बोलत होता, आता बुड बोलू लागले. चर, चर, चर. कोरडे, चिडके, घसा बसलेले. रांधणाऱ्या बाईचा कान डोळ्याआधी जागा होतो. मालनचा कान ताठ झाला.

मग वास. लसणाच्या गोडव्यामागून डोकावणारी एक काळी, कडवट कडा.

मालन हलली नाही. हात लावायचा नाही असे सांगितले होते ना? नाही लावणार. करपू दे. बेसन आहे, कांदा आहे. सगळे पिठल्याला बसतील, केतकीची मान खाली जाईल, आणि मग निमूट खापर पुढे येईल, आणि...

आणि निखारा. आणि परातीतले पीठ. आणि यशवंतरावांचे ते मुके जेवण, भिंतीवरच्या घड्याळाला ऐकू जाणारे.

ती अजून विचारच करत होती. हाताने विचार केला नाही. हाताने चुलीतली दोन लाकडे मागे ओढली, जाळ बुडाला, निखारे उरले. हाताने पितळी ताट घेतले, कढईवर पालथे नव्हे, सुलटे टेकवले, आणि तांब्यातले गार पाणी त्या ताटात ओतले.

या डोंगरातल्या कुठल्याही घरी असेच होते. कोंबडी शिजते तेव्हा झाकणावर पाणी असते. वर गार, खाली वाफ. वाफ झाकणाला भेटते, थंडावते, थेंब होते आणि आल्या वाटेने परत जाते. बाहेरचे काही आत जात नाही. आतलेच आत परतते. सासूने सुनेला, सुनेने सुनेला, न सांगता सांगितलेली ही विद्या. मालनच्या हातात ती नाडीसारखी होती.

चर थांबली. कढई मऊ आवाजात बोलू लागली, जणू रडून थकलेले पोर.

आणि मग तो हात, तोच शहाणा हात, मसाल्याच्या बरणीकडे गेला. झाकण उघडले. चमच्यात लाल पूड उभी राहिली. एवढीशी. कुणाला कळणारही नाही. चव कशी उठेल. आणि सगळे म्हणतील, मालनच्या मसाल्याशिवाय...

चमचा अधांतरी थांबला.

वाऱ्यात कुठे तरी मोहरी तडतडली. पाडव्याची. अजूनही.

मालनने चमचा बरणीत उलटा केला. झाकण घट्ट लावले. बरणी उचलून मागे, टोपलीच्याही मागे सारली, जसे खोडकर पोराला पाठीशी घालावे. मग ती पुन्हा पाटावर बसली, तोंड वाकडे केले आणि काहीच झाले नाही अशी बसून राहिली.

केतकी आली ती वाऱ्याने विस्कटलेली, हातांना दोरीचे वळ, रोवळीत हिरव्या पानांचा ओला ढीग. चुलीपाशी येताच थबकली. ओढलेली लाकडे पाहिली. ताट पाहिले. ताटातले पाणी पाहिले. त्यावर आता वाफेचे तलम धुके होते आणि धुक्यात चुलीची लाली हलत होती.

तिचा चेहरा दगड झाला. पुन्हा. पुन्हा तेच.

तिने ताट उचलून चुलीच्या भानुशीवर, मागच्या मातीच्या कट्ट्यावर ठेवले, कढईत डाव घातला, बुडापर्यंत फिरवला. बुडाला काळ्याची नुकती सुरू झालेली एक नक्षी होती. ती सुटून आली होती. रस पुन्हा ओला, दाट, माणकासारखा. तिने डावातला थेंब तळव्यावर घेतला. चाखला. डोळे मिटून पुन्हा चाखला. ती मसाला शोधत होती. तो खोल तळाशी शोधला, मिठाच्या मागे शोधला, लसणाच्या आड शोधला.

नव्हता.

तिने पाहिले: बरणी जागेवर नव्हती. टोपलीमागे तिचे लाल बूच तेवढे डोकावत होते, आणि शेजारी बेसनाचा डबा, चिरलेला कांदा. शत्रूची सगळी दारूगोळ्याची कोठारे तिला एका नजरेत दिसली, आणि त्यांतली कुठली पेटवलेली नव्हती हेही दिसले.

केतकीने डाव कढईच्या कडेवर टेकवला. मग पाने कढईत टाकली.

आणि परस बदलून गेले. तुळशीची ही गोरी, दूरदेशी, धिटुकली बहीण रसात पडताच अशी दरवळली की गारठ्यालाही अंग शेकावेसे वाटावे. गोड, तिखट, हिरवा, लवंगी, ओलेत्या मातीचा वास. मालनने नाक मुरडले. मुरडलेल्या नाकाने तिने पुन्हा एकदा खोल श्वास घेतला.

जेवण ओसरीवर झाले. रणजितने पाव बुडवून खाल्ला. यशवंतरावांनी पाव बाजूला सारून भाकरी मागितली, भाकरीने रस पुसला, पुन्हा रस घेतला, आणि मग त्या अबोल माणसाने डोके वर करून विचारले की एवढी वर्षे हे आपण खोक्यांत भरून का पाठवत होतो. मालनने ऑलिव्ह एक तोंडात घातले, तोंड कडू केले, आणि बी थुंकायला जितका वेळ लागावा त्याहून जास्त वेळ ते तोंडात घोळवले. तिने नावाजले नाही. नावेही ठेवली नाहीत. हिशेबी माणसाने त्यातून काय ते समजावे.

पाने उचलली. हात धुतले.

यशवंतराव खाली बघत म्हणाले, आता रीत उरकून घ्या.

केतकीने कोनाड्यातले खापर घेतले. मालनने चिमटा घेतला. दोघी परसात आल्या. मागून दोघे भाऊ, आणि सर्वांच्या पुढे, शेपूट उभारून, मनी. चुलीत राखेची मऊ दुलई होती. मालनने चिमट्याने ती बाजूला केली, आणि तिच्याखाली एकच निखारा उघडा पडला: डाळिंबाच्या दाण्यासारखा, धगधगता, सगळ्या घराचा ऐवज.

सासूबाईंचा हात थरथरला नव्हता. मालनचा थरथरला. चिमट्याची टोके एकमेकींवर वाजली. तिने ओठ आवळले, डोळे चुलीच्या धुराने भरले असे दाखवले. पण चुलीत धूर नव्हता, आणि हे केतकीला दिसत होते. केतकीचे खापर पुढे आलेले होते. ते तिने मागे घेतले नाही. मागे घेईल ती केतकी कसली?

तिने फक्त डावा हात लांबवला. भानुशीवर पितळी ताट होते, त्यात झाकणावरचे पाणी होते, अजून कोमट. ते तिने उचलले, जणू वाटेतून दूर करावे. आणि तिरपे केले.

फुस्स.

पांढरी वाफ राखेतून उसळली, चौघांच्या चेहऱ्यांवरून गेली आणि काळोखात मिसळली. डाळिंबाचा दाणा काळा पडला.

“सांडलं,” केतकी म्हणाली.

रणजित काही बोलायला गेला. यशवंतरावांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

मालन त्या काळ्या खड्याकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून दिवाळीपासून कोंडलेले सगळे वर आले. आले ते तिच्या नेहमीच्याच कपड्यांत आले.

“धड ताट धरता येत नाही तुला? वर्षाची चूल बुडवलीस. थांब आता पुढच्या माघापर्यंत.”

मनीने कान टवकारून वर पाहिले. हा निरोप तिच्याकडे दिलेला नव्हता.

“तुमचं ताट जड आहे, अक्का,” केतकी म्हणाली. तिचा आवाज तापलेला होता, आणि ओला. “आणि उद्याची आमटी मी करणार. फोडणी एकच.”

मालनने चिमटा भिंतीशी टेकवला. उत्तर जिभेच्या टोकावर होते. झणझणीत होते, तयार होते. ते तिने मसाल्याच्या चमच्यासारखे बरणीत उलटे केले. खापर केतकीच्या हातातून जवळजवळ हिसकून घेतले, पदराने पुसले आणि कोनाड्यात पालथे घातले.

मग सांज संपली. पठाराचा कडा अंधारात विरघळला. वर मोरपंखी फरशीवर चांदणे एकटेच बसून राहिले, रित्या ओट्यावर, जाळीमागे. आणि खाली, परसात, विझल्या चुलीच्या भानुशीवर, पितळी ताटात थेंबभर पाणी उरले होते. त्यात एक चांदणी उतरली, थरथरली, आणि गारठ्यात, बेसिलच्या वासात, राखेशेजारी, हळूहळू निवत गेली.